पुस्तकातले शंभर आणि वेल्ह्यातले अठ्ठ्याण्णव

वाचकहो, दिवाळीची सुट्टी संपली की गावोगावच्या घरांत एक नवा खर्च दाराशी येऊन उभा राहतो. पोरगी दप्तर खुंटीला अडकवते आणि हळूच म्हणते, "आबा, शाळेत प्रकल्प करायचाय. पैसे लागतील." आबा आकडा ऐकतात, मनातल्या मनात खताच्या पोत्यांचा हिशेब करतात आणि विचारतात, "आणि पुढं त्याचं काय करायचं?" या प्रश्नाला पुष्कळ घरांत उत्तर नसते. कारण प्रकल्प शहरातून तयार आणलेला असतो. तो प्रदर्शनात एक दिवस लुकलुकतो, त्याला मार्क मिळतात आणि मग तो माळ्यावर जाऊन बसतो.

आज सांगणार आहे ती गोष्ट अशा प्रकल्पाची नाही. वेल्ह्याकडच्या एका वाडीत नववीतल्या मुलीने स्वतःच्या हाताने एक तापमापक यंत्र जोडले. ते आधी चुकले, मग सुधारले. त्या चुकीत शिकण्यासारखे इतके आहे, की ती तुमच्यापुढे ठेवल्यावाचून राहवत नाही. मुलीचे नाव आणि वाडीचे नाव तेवढे सांगत नाही.

घरी आजीच्या दहा-बारा गावठी कोंबड्या. गावठी अंड्याला आणि पिल्लाला भोरच्या बाजारात चांगला भाव येतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण कोंबडी खुडूक होते ती तिच्या मर्जीने. अंडी असतात तेव्हा खुडूक कोंबडी नसते आणि कोंबडी बसते तेव्हा अंडी विकून झालेली असतात. म्हणून मुलीने ठरवले, की अंडी उबवायची पेटी करायची. पेटी म्हणजे जुना लाकडी खोका, आत एक दिवा, हवा फिरवायला लहान पंखा आणि ओलाव्यासाठी पाण्याची वाटी. अवघड काम एकच. आतली ऊब एकवीस दिवस, रात्रंदिवस, ३७.५ अंशांच्या आसपास राहिली पाहिजे. एकवीस रात्री कोण जागणार? त्या राखणीसाठीच तिने यंत्र जोडले.

यंत्र ऐकायला मोठे वाटते, पण त्यात मुख्य गोष्टी तीनच. पहिली म्हणजे ताप ओळखणारी कांडी, तिला सेन्सर म्हणतात. मुलीने घेतलेल्या सेन्सरचे नाव डीएस१८बी२०. तो बोटाएवढ्या पोलादी नळीत बंद असतो, त्यामुळे पाण्यात बुडवला तरी चालतो. दुसरी म्हणजे मायक्रोकंट्रोलर. ही एक काळी चिप. हिशेब करणे, लक्षात ठेवणे आणि बाहेरच्या तारांना हुकूम देणे ही तिन्ही कामे ती एकटी करते. तिला या पेटीचा कारभारीच म्हणा ना. तिसरी म्हणजे रिले. कारभाऱ्याचा हुकूम आला की दिवा लावणारा किंवा मालवणारा हा गडी. आकडा वाचायला वर एक छोटा पडदा लावला की झाले.

कारभाऱ्याला काम शिकवावे लागते. शाळेतल्या संगणकावर चार-पाच ओळींचे हुकूम लिहायचे आणि तारेने चिपमध्ये उतरवायचे. मग वीज गेली तरी तो ते विसरत नाही. हुकूम असे असतात. सेन्सरला ताप विचार. ३७.४च्या खाली गेला तर दिवा लाव. ३७.८च्या वर गेला तर मालव. पुन्हा विचार. सेन्सर एका मोजणीला जास्तीत जास्त पाऊण सेकंद घेतो. दोन आकड्यांत थोडे अंतर मुद्दाम ठेवायचे असते, नाहीतर दिवा सारखा लागत-विझत राहतो आणि रिले टकटक करून खराब होतो.

सेन्सरला तीन तारा असतात. बहुधा तांबडी विजेची, काळी परतीची आणि पिवळी बोलण्याची. तांबडी आणि पिवळी यांच्यामध्ये ४७०० ओहमचा एक लहानसा रेझिस्टर जोडावा लागतो. त्यावरचे पट्टे पिवळा, जांभळा, तांबडा. तो विसरला तर सेन्सर मुका होतो. ही मुलगी तो विसरली होती आणि दोन दिवस डोके धरून बसली होती.

सामान तिच्या मामाने पुण्याहून, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून आणले. सारे मिळून खर्च हजार रुपयांच्या आसपास. तिने वापरलेला आर्डुइनो नावाचा बोर्ड मुळात २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावी विद्यार्थ्यांसाठीच तयार झाला. वीजशास्त्राचे शिक्षण नसलेल्या पोरांनाही स्वस्तात यंत्र करता यावे, हा त्यामागचा हेतू होता.

हेतू चांगला, पण तो आपल्याला नवा नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून एका दुष्काळी गावात येऊन राहिला. शाळा सुटलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, जनावरे यांचे काम हाताने करत शिकू लागली. पुढे २००२ साली तिथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने आपल्या आवाराबाहेर सुरू करवलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. पाबळची शिकवण थोडक्यात सांगायची तर गावची अडचण हाच धडा आणि ती सोडवताना झालेल्या चुका हाच अभ्यास. आता आपल्या मुलीची चूक ऐका.

यंत्र जोडून झाले. ते खरे सांगते का, हे पाहायला हवे, हे तिला सुचले. शाबास म्हणायला हवे, कारण पुष्कळांना तेवढेही सुचत नाही. तिने चुलीवर पातेल्यात पाणी उकळले आणि सेन्सर बुडवला. पडद्यावर आकडा चढत गेला आणि ९८वर येऊन थांबला. पाणी खळखळा उकळते आहे, जाळ वाढवला तरी आकडा हलत नाही. पुस्तकात तर स्वच्छ लिहिले आहे, पाणी १०० अंशांना उकळते. म्हणजे यंत्र दोन अंश कमी सांगते! तिने कारभाऱ्याच्या हुकुमांत एक ओळ घातली, जो ताप येईल त्यात २ मिळव. पुन्हा बुडवून पाहिले, बरोबर १००.

विज्ञान प्रदर्शनात तिने तेच करून दाखवले. परीक्षकांनी उकळत्या पाण्यातला १००चा आकडा पाहिला, मान डोलावली आणि बक्षीस दिले. घरी आनंदीआनंद झाला. आजीने विकायची बारा अंडी मागे ठेवली आणि पेटीत मांडली.

एकविसावा दिवस उजाडला. पेटीत चिवचिव नाही. बावीस, तेवीस दिवस झाले. चोविसाव्या दिवशी दोन पिल्ले कशीबशी बाहेर आली, पायांत जोर नसलेली. त्यातले एक संध्याकाळी गेले. बाकीची अंडी फोडली तर आत पिल्ले तयार होत होत मेलेली. आजी म्हणाली, "पोरी, मशिनीला काय आईची माया असती व्हय?" मुलगी काही बोलली नाही. तिने बक्षिसाचे प्रमाणपत्र भिंतीवरून काढून पेटीत ठेवले.

वाचकहो, बारा अंडी म्हणजे फार मोठे नुकसान नाही, असे शहरातला माणूस म्हणेल. पण ज्या घरात मिठामिरचीचा खर्च अंड्यांवर निघतो, तिथे तो आठवड्याचा बाजार असतो. आणि पोरीचा स्वतःवरचा विश्वास गेला त्याचा भाव कोण लावणार?

उलगडा झाला तो असा. आजीला कणकण वाटू लागली म्हणून गावच्या आशाताई तापमापी घेऊन आल्या. काखेत लावली, ९८ फॅरनहाइट. म्हणजे आपल्या अंशांत ३६.७. ताप नाही. मुलीला काय वाटले कोण जाणे, तिने आपला सेन्सर आजीच्या दुसऱ्या काखेत धरला. पडदा म्हणाला, ३८.७. आजी ठणठणीत आणि यंत्राच्या मते तिला चांगलाच ताप! फरक किती? बरोबर दोन. तीच मिळवलेली दोन. म्हणजे पेटीचा पडदा ३७.५ दाखवत होता तेव्हा आत अंडी ३५.५वर गारठत होती. अंड्यांना दोन अंश म्हणजे फार झाले. पिल्लू सावकाश वाढते, उशिरा फुटते, नाहीतर आतच मरते.

म्हणजे यंत्र पहिल्यापासून खरे सांगत होते! मग पाणी ९८ला का उकळले?

कारण पुस्तकातले १०० समुद्रकाठचे आहे. आपल्या डोक्यावर हवेचे ओझे असते. ते ओझे पाण्याला दाबून धरते आणि ते झुगारून वाफ व्हायला पाण्याला ताप लागतो. समुद्रकाठी हवेचा थर पुरा, म्हणून १०० अंश लागतात. जसजसे घाट चढून वर यावे तसतशी वरची हवा कमी, ओझे हलके, आणि पाणी कमी तापावरच उकळते. साधारण तीनशे मीटर चढले की एक अंश कमी, असा ढोबळ हिशेब धरा. भोर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच, म्हणजे दोन अंश गेले. तोरण्याचा माथा सुमारे चौदाशे मीटर, तिथे पाणी ९५च्या आसपासच उकळते. गडावर उघड्या भांड्यात डाळ शिजवणाऱ्यांना हे कुणी शिकवावे लागत नाही, तिथे डाळ लवकर मऊच होत नाही.

ही गोष्ट जुन्या लोकांनाही ठाऊक होती. डोंगराची उंची मोजायला ते वर जाऊन पाणी उकळत आणि तापमापी बुडवत. जितके अंश कमी, तितका डोंगर उंच. मुंबई सरकारसाठी आपल्या दख्खनची पाहणी करणारे कर्नल साइक्स यांनी साध्या तापमापीने उंची मोजण्यावर १८३८ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात लेखही लिहिला. म्हणजे आपल्या मुलीने चुलीवर नकळत आपल्या गावाची उंची मोजली होती. तिने उत्तर बरोबर काढले आणि पुस्तकाशी जुळत नाही म्हणून खोडले.

तर मग यंत्र तपासायचे कसे? तुमच्या घरी कुणी असे काही करत असेल तर पुढच्या तीन गोष्टी त्यांना वाचून दाखवा.

पहिली, बर्फाची. बर्फ कुटून पेल्यात भरा, फटी भरतील इतकेच पाणी घाला, ढवळा आणि सेन्सर मधोमध धरून दोन-तीन मिनिटे थांबा. कांडी पेल्याच्या तळाला टेकू देऊ नका. आकडा शून्याच्या अगदी जवळ यायला हवा. डोंगरावर चढल्याने बर्फाच्या शून्यात दखल घेण्याजोगा फरक पडत नाही, म्हणून ही कसोटी अलिबागेत तीच आणि वेल्ह्यात तीच. मुलीने ही केली असती तर मिळवलेले २ तिथेच उघडे पडले असते.

दुसरी, उकळत्या पाण्याची. ही जरूर करा, पण आपल्या गावच्या उंचीचा हिशेब धरून. शिवाय हा सेन्सर उणे १० ते ८५ अंशांपर्यंत अर्ध्या अंशाच्या आत खरा असतो, असे त्याचे कारखानदार सांगतात. त्याच्या वर तो जरा ढिला पडतो. म्हणून उकळत्या पाण्यातल्या एका आकड्यावरून सारे यंत्र फिरवायचे नाही.

तिसरी कसोटी सर्वांत कामाची. ज्या तापावर यंत्र राबणार त्याच तापावर ते तपासा. लोट्यात कोमट पाणी घ्या, त्यात सेन्सर आणि दवाखान्यातली तापमापी शेजारी शेजारी धरा. तापमापीत ९९.५ फॅरनहाइट आले तर पडद्यावर ३७.५ यायला हवे. मात्र काचेच्या पाऱ्याच्या तापमापीला कढत पाणी दाखवू नका, फुटेल, आणि पारा विषारी असतो. बॅटरीवरची असेल तर तिचे टोकच तेवढे बुडवा.

आता एक धोक्याची गोष्ट. सेन्सरची तार सुटली तर या यंत्राच्या पडद्यावर उणे १२७ असा वेडा आकडा दिसतो. माणूस तो पाहून हसेल. पण कारभारी भोळा असतो. त्याला वाटते भयंकर थंडी पडली, आणि तो दिवा लावून ठेवतो तो ठेवतोच. सकाळी पेटीत उकडलेली अंडी मिळतात! वीज जाऊन आली की पहिला आकडा कधी कधी ८५ दिसतो, तोही खोटा. म्हणून हुकुमांत एक ओळ घालायचीच. आकडा शून्याच्या खाली किंवा ५०च्या वर दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नकोस, दिवा मालव आणि भोंगा वाजव. अंडी थोडा वेळ गार झाली तर सहसा निभावते. कोंबडीसुद्धा दाणे टिपायला उठतेच की. जास्त उष्णता मात्र लवकर जीव घेते. म्हणून शंका आली की दिवा बंद, हाच नियम.

आणि दुसरा धोका घरच्या विजेचा. यंत्राची वीज पाच व्होल्टची, तिला पोराने हात लावला तरी काही होत नाही. पण रिलेपलीकडे दिव्याला जाते ती २३० व्होल्टची. तो जोड जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, उघडी तार ठेवू नका आणि पाण्याची वाटी तिच्यापासून दूर ठेवा. या बाबतीत पोरांच्या हुशारीची परीक्षा पाहू नका.

असे यंत्र एकदा नीट तपासून हाती आले की त्याला कामे पुष्कळ. पिल्लांच्या खोपीत पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचे. संकलन केंद्रावर दूध ४ अंशांवर गार ठेवतात, तिथे बर्फाची कसोटी उपयोगी. खताचा ढीग चांगला कुजत असेल तर मधोमध ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. ढिगात कांडी खुपसून ठेवली की तो कधी परतायचा हे कळते. यंत्र तेच, फक्त हुकुमातले आकडे बदलायचे.

मुलीने मिळवलेले २ खोडून टाकले, शंका आली तर दिवा बंद ही ओळ घातली, कांडी दिव्यापासून दूर, अंड्यांच्या पातळीवर बांधली आणि वैशाखात पुन्हा बारा अंडी मांडली. या वेळी आजी अंडी द्यायला तयार नव्हती. आबांनी आपल्या पैशांनी शेजारून आणली. दिवसातून तीन वेळा ती अंडी फिरवी, अठराव्या दिवसापर्यंत. दर दोन दिवसांनी आशाताईंची तापमापी मागून आणी आणि पेटीतला ताप पडताळून पाही. एकविसाव्या दिवशी पहाटे पेटीतून पहिली चिवचिव आली. बारांतून नऊ पिल्ले निघाली. उरलेल्या तिघांतली दोन अंडी मुळातच रिकामी होती.

मी गेलो तेव्हा आजी पिल्लांपुढे कण्या टाकत होती. मी विचारले, "काय आजी, मशिनीला माया आली म्हणायची का?" ती म्हणाली, "मशिनीला कुठली माया? माया पोरीला हाय. ती रोज बघत हुती."

वाचकहो, तुमच्या घरी पोरगी प्रकल्पाचे पैसे मागायला आली तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच काढूनही देऊ नका. तिला बसवा आणि तीन प्रश्न विचारा. आपल्या घरातली कोणती अडचण यातून सुटेल? तू स्वतः जोडणार का? आणि ते खरे सांगते की खोटे, हे कशाने तपासणार? तिन्हींची उत्तरे आली तर एखादे खताचे पोते उशिरा आणले तरी चालेल. आणि आकडा पुस्तकाशी जुळला नाही तर तिला रागावू नका. आधी विचारा, "पोरी, पुस्तक कुठल्या गावचं, आणि आपण कुठं राहतो?"